पाइप नेमका कुठे वाकवायचा? साइटवर काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी बेंडचा हिशेब

दहावीला त्रिकोणमितीचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, ये कोसेक आगे जाके किस काम आता है?’ वर्ग उर्दू माध्यमाचा असो की मराठी माध्यमाचा, प्रश्न तोच. उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. घोडबंदर रोडला, कल्याण-शीळ रस्त्याला, कौशाच्या नव्या इमारतींत स्लॅब भरण्याआधी जे विजेचे पाइप टाकले जातात, ते टाकणाऱ्यांत आपल्याच मोहल्ल्यातली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या हातात टेप, खडू आणि स्प्रिंग असते. पाइपवर खूण नेमकी कुठे करायची हे ज्याला सांगता येतं तो उस्ताद, ज्याला येत नाही तो वर्षानुवर्षं हेल्पर. त्या खुणेच्या हिशेबातच तो कोसेक बसलेला आहे.

म्हणून या वेळी परीक्षेचा विषय बाजूला ठेवून आपण पाइपाचा विषय घेऊ. घरात एखादा मुलगा वायरमनचं काम करत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या. आणि घर नवीन बांधत असाल किंवा वायरिंग बदलत असाल तर स्वतःही वाचा. भिंतीच्या आत काय गेलं ते नंतर दिसत नाही, आणि ते वाईट गेलं असेल तर त्याचे चटके घरातल्यांनाच बसतात.

आधी साधी ओळख करून घेऊ. वायर ज्या नळीतून जाते तिला कंड्युट म्हणतात, साइटवर सगळे नुसता ‘पाइप’ म्हणतात. घरांसाठी बहुतेक वेळा पीव्हीसीचा पाइप वापरतात, कारखान्यात आणि गोदामात लोखंडी किंवा जीआयचा. पीव्हीसीची एक नळी साधारण ३ मीटरची येते. २० मिलिमीटर, २५ मिलिमीटर असं जे माप सांगतात ते पाइपच्या बाहेरच्या व्यासाचं असतं, आतल्या पोकळीचं नाही. ही गोष्ट छोटी वाटते, पण पुढे वायर किती बसतील याचा अंदाज चुकतो तो इथूनच.

आता मुख्य प्रश्न. सरळ पाइप टाकायला कोणालाही येतो. अडचण येते ती वळणावर.

सर्वांत जास्त लागणारं वळण म्हणजे काटकोनाचं, ९० अंशाचं. समजा, स्विचच्या बॉक्सपासून पाइप ३०० मिलिमीटर वर जायचा आहे आणि मग आडवा वळून ७०० मिलिमीटरवर दुसऱ्या बॉक्सला मिळायचा आहे. नवा मुलगा काय करतो? ३०० अधिक ७००, म्हणजे १००० मिलिमीटरचा तुकडा कापतो, ३०० वर खूण करतो आणि खुणेवरच वाकवतो. मग पाइप एका बाजूने वर जातो, दुसऱ्या बाजूने बॉक्सच्या आत घुसतो. ‘उस्ताद, पाइप बडा हो गया!’ उस्ताद हॅक्सॉ ब्लेडने पुढचा तुकडा कापून टाकतो. तो तुकडा तिथेच पडतो, आणि ३०० वर यायला हवा होता तो पाइप कुठे तरी भलतीकडे आलेला असतो.

पाइप मोठा का झाला? कारण पाइप कोपऱ्यापर्यंत जाऊन मग वळत नाही. तो कोपरा सोडून गोलाकार जातो. मैदानाच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन वळणारा माणूस जास्त चालतो आणि कोपरा तिरका कापणारा कमी, तसंच हे आहे. किती कमी, ते मोजता येतं. वळणाची त्रिज्या, जिला उर्दूच्या पुस्तकात निस्फ कुतर म्हणतात, ती पाइपच्या मधल्या रेषेपर्यंत १०० मिलिमीटर धरू. कोपऱ्यापर्यंत जाऊन वळलो असतो तर तेवढ्या भागात १०० अधिक १०० म्हणजे २०० मिलिमीटर पाइप लागला असता. प्रत्यक्षात लागतो तो पाव वर्तुळाचा कंस, म्हणजे त्रिज्येच्या १.५७ पट, १५७ मिलिमीटर. फरक ४३ मिलिमीटर. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, ९० अंशाच्या प्रत्येक वळणात त्रिज्येच्या ०.४३ पट पाइप वाचतो.

तेव्हा आपला तुकडा १००० चा नाही, ९५७ मिलिमीटरचा कापायचा. पाइपच्या टोकापासून २०० वर पहिली खूण करायची, कारण ३०० मधून त्रिज्येचे १०० गेले. तिथे वळण सुरू होतं. २०० अधिक १५७ म्हणजे ३५७ वर दुसरी खूण, तिथे वळण संपतं. उरलेला सरळ भाग ६०० मिलिमीटर, म्हणजे ७०० वजा १००. ३५७ आणि ६०० मिळून ९५७. हिशेब जुळला. स्प्रिंगचा मधला भाग या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे, म्हणजे वळण खुणांच्या आतच राहतं.

४३ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन इंचाला थोडं कमी. ‘इतने से क्या होता है’ असं साइटवर ऐकायला मिळतं. एका मजल्यावर अशी २०० वळणं धरा. २०० गुणिले ४३ म्हणजे ८,६०० मिलिमीटर, जवळजवळ तीन नळ्या. वीस मजल्यांच्या टॉवरला हिशेब तुम्हीच करा. पण नळ्यांचा खर्च हा मुद्द्याचा लहान भाग आहे. मोठा भाग हा की जास्तीचा पाइप कापून टाकायला प्रत्येक वेळी कोणी थांबत नाही. तो दाबून बसवला जातो. दाबून बसवलेला पाइप वळणावर चपटा होतो, आणि चपट्या जागी वायर अडकते.

त्रिज्या किती ठेवायची हेही ठरलेलं आहे. सरकारी बांधकामांसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची, म्हणजे सीपीडब्ल्यूडीची जी विद्युत कामांची मानकं आहेत, त्यांत कंड्युटच्या वळणाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी असं सांगितलं आहे. आपण मधल्या रेषेला १०० मिलिमीटर धरले तर २५ च्या पाइपला आतल्या बाजूने साडेसत्त्याऐंशी मिळतात, म्हणजे अंगात थोडी मोकळीक राहते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा छोटा एल्बो या हिशेबात बसत नाही. तो स्वस्त आहे, पटकन लागतो, म्हणून सगळे वापरतात. स्लॅबच्या आत एल्बो टाकणाऱ्याला नंतर त्यातून वायर ओढायला लावलं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा टाकणारा एक असतो आणि ओढणारा दुसरा, म्हणून कोणी सुधारत नाही.

त्याच मानकांत आणखी एक नियम आहे. एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत पाइपच्या एका लांबीत चार काटकोनी वळणांपेक्षा जास्त वळणं नकोत, म्हणजे एकूण ३६० अंश. चारच का? इथे एक मजेदार गणित आहे, आणि ते कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

वायर सरळ पाइपात ओढताना घर्षण बेरजेने वाढतं. दुप्पट लांबी, दुप्पट जोर. वळणावर मात्र ते गुणाकाराने वाढतं. विहिरीवर पोहरा ओढताना दोर खांबाला एक वेढा दिला की केवढं वजन एका हाताने धरता येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. वायरचं आणि पाइपचं घर्षण ०.३५ इतकं धरलं, तर प्रत्येक ९० अंशाच्या वळणामागे ओढ साधारण १.७३ पट होते. दोन वळणांना ३ पट, तीन वळणांना ५.२ पट, चार वळणांना ९ पट. सहा वळणं झाली तर २७ पट! मागे २ किलोची ओढ असेल तर चार वळणांनंतर १८ किलो, सहानंतर ५४ किलो. इतक्या जोराने दोन माणसं जीआय तारेला लटकतात तेव्हा वायर येते, पण तिची कातडी पाइपच्या आत राहते.

अशी सोललेली वायर लगेच काही दाखवत नाही. पंखा चालतो, दिवा लागतो, ठेकेदाराचं बिल निघतं. पहिल्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, पाइपात पाणी उतरतं, आणि मेन स्विचशेजारचं आरसीसीबी वारंवार पडू लागतं. मग कोणी तरी सल्ला देतो की ते काढूनच टाका, त्रास नको. मुंब्रा, राबोडी, भिवंडीतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो, ते काढू नका. ते पडतंय म्हणजे आत काही तरी गळतंय, आणि तुमच्या मुलाच्या अंगातून करंट जाण्याआधी ते तुम्हाला कळवतंय.

वळणं मोजताना एक चूक सगळे करतात. फक्त काटकोनाची वळणं मोजतात, बारीक बाक मोजत नाहीत. तिरके बाकही त्या ३६० मध्ये धरायचे असतात. ३० अंशाचे दोन बाक म्हणजे ६० अंश गेले.

हे दोन बाक कुठे येतात, ते आता बघू. भिंतीवरून पाइप सरळ चालला आहे आणि मध्येच बीम किंवा कॉलम पुढे आला आहे. दुकानात, पार्किंगमध्ये, डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात किंवा भिवंडीच्या गोदामात उघड्या पाइपचं काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. पाइप बाहेर काढायचा आणि पुन्हा पहिल्या दिशेला समांतर करायचा. याला ऑफसेट म्हणतात. दोन बाक, दोन्ही सारख्या अंशाचे, एक इकडे आणि एक तिकडे.

इथे काटकोन त्रिकोण तयार होतो. बीम जितका पुढे आला आहे ती त्रिकोणाची उभी बाजू. पाइपचा तिरका भाग म्हणजे कर्ण, उर्दूत ज्याला वतर म्हणतात. दोन खुणांमधलं अंतर म्हणजेच हा कर्ण. उभी बाजू माहीत आहे, कोन आपण ठरवला आहे, कर्ण काढायचा आहे. नववीला साइन शिकवतात, म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. दहावीला त्याचा उलटा, कोसेक, म्हणजे कर्ण भागिले समोरची बाजू. तेव्हा उभ्या बाजूला कोनाच्या कोसेकने गुणलं की खुणांमधलं अंतर मिळालं. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

साइटवर कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. ३० अंशाला गुणक बरोबर २. ४५ अंशाला १.४१. ६० ला १.१५. साडेबावीस अंशाला २.६. एवढे चार आकडे टेपच्या डबीवर मार्करने लिहून ठेवले तरी पुरे. त्यातला ३० अंशाचा तर कोणीही तोंडी करतो, दुप्पट करायचं आणि खूण मारायची. म्हणूनच जाणते कारागीर शक्य तिथे ३० अंशच वापरतात. कोन कमी ठेवला की वायर सहज जाते, पण जागा जास्त लागते. ६० अंशाचा ऑफसेट जागा वाचवतो आणि ३६० अंशांच्या खात्यातले १२० अंश खातो.

दुसरी गोष्ट, तिरकं गेल्यामुळे पाइप पुढच्या बाजूला थोडा आखूड पडतो. किती? ३० अंशाला उभ्या बाजूच्या ०.२७ पट, ४५ ला ०.४१ पट, साडेबावीसला ०.२ पट, ६० ला ०.५८ पट. हे अर्ध्या कोनाचे टॅन आहेत, आकडेवारी हवेतून आलेली नाही.

उदाहरण घेऊ. बॉक्सपासून बीमची कड १०३० मिलिमीटरवर आहे आणि बीम भिंतीपासून १२० मिलिमीटर पुढे आला आहे. पाइपला वळण गोल असतं, टोकदार नसतं, म्हणून बरोबर कडेवर दुसरा बाक ठेवला तर पाइप कडेला घासतो. ३० मिलिमीटर अलीकडे थांबू, म्हणजे दुसरा बाक १००० वर यायला हवा. ३० अंशाने जायचं ठरवलं. खुणांमधलं अंतर १२० च्या दुप्पट, २४०. आखूड पडणार १२० गुणिले ०.२७, म्हणजे ३२. तेव्हा पाइपवर दुसरी खूण १००० वर न करता १०३२ वर करायची. पहिली खूण १०३२ वजा २४०, म्हणजे ७९२ वर. पडताळा करून बघा. ७९२ पर्यंत पाइप सरळ, पुढे तिरका भाग आडव्या अंतरात २०८ जातो, कारण २४० चा कर्ण आणि १२० ची उभी बाजू असली की तिसरी बाजू २०८ येते. ७९२ अधिक २०८ म्हणजे बरोबर १०००. पाइप लावा, बसला पाहिजे.

जो कारागीर हा ३२ चा हिशेब धरत नाही, त्याचा ऑफसेट नेहमी अलीकडे पडतो. मग तो पुढच्या वेळी अंदाजाने ‘थोडा ज्यादा’ घेतो, कधी जमतं, कधी नाही. वीस वर्षं काम केलेल्याचा अंदाज बरोबर येतो हे आम्हीही मान्य करतो. पण वीस वर्षांचा अंदाज शागिर्दाला देता येत नाही. आकडा दोन मिनिटांत देता येतो.

कधी अडथळा दोन्ही बाजूंनी सरकलेला असतो, म्हणजे पाइप ९० मिलिमीटर बाजूलाही न्यायचा आहे आणि १२० मिलिमीटर वरही. पुष्कळ जण इथे दोन वेगवेगळे ऑफसेट करतात, चार बाक होतात. गरज नाही. ९० चा वर्ग आणि १२० चा वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, १५० येतं. म्हणजे हा १५० चा एकच तिरका ऑफसेट आहे. ३० अंशाला खुणांमध्ये ३०० ठेवा, झालं. पायथागोरसचं प्रमेय, मसला-ए-फीसागोर्स, ज्याचा पाठ न करण्याबद्दल कितीतरी मुलांनी छड्या खाल्ल्या असतील, ते इथे दोन बाक वाचवतं.

मध्ये एक दीड इंची पाण्याचा पाइप आडवा आला तर त्याच्यावरून जाऊन पुन्हा भिंतीला यायचं असतं. याला सॅडल बेंड म्हणतात. आपण पाइप भिंतीला धरायला जे सॅडल ठोकतो ते हे नव्हे, फक्त नाव एक आहे. मधला बाक ४५ अंशाचा, दोन्ही बाजूंचे साडेबावीसचे. उंची ६० मिलिमीटर हवी असेल तर मधल्या खुणेपासून दोन्हीकडे उंचीच्या अडीच पटीहून थोडं जास्त, म्हणजे साधारण १५५ वर खुणा. मधली खूणही अडथळ्याच्या मध्यापेक्षा उंचीच्या ०.२ पट, १२ मिलिमीटर पुढे घ्यायची. याचे अंश किती झाले? ४५ अधिक ४५, नव्वद. एक काटकोन खर्च झाला. पाण्याचा पाइप दोन इंच सरकवता येत असेल तर प्लंबरशी बोललेलं केव्हाही बरं.

आता अंश मोजायचे कसे? साइटवर कोणाकडे कोनमापक नसतो. शटरिंगची एक प्लाय घ्या. तिच्या कडेला १००० मिलिमीटर मोजा, त्या टोकाला गुनिया लावून ५७७ वर खूण करा आणि सुरुवातीच्या बिंदूपासून रेघ ओढा. ही ३० अंशाची रेघ. ४५ साठी १००० ला १०००. साडेबावीससाठी १००० ला ४१४. खडूच्या या तीन रेघांवर पाइप ठेवून वाकवायचा. गुनिया नसेल तर ३, ४, ५ चा त्रिकोण आहेच. एका बाजूला ३०० मोजा, दुसऱ्या बाजूला ४००, तिरकं ५०० आलं की काटकोन पक्का. गवंडी लोक पाया आखताना हेच करतात.

पीव्हीसी पाइप हाताने वाकवताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्प्रिंग पाइपच्या मापाचीच हवी. २५ च्या पाइपात २० ची स्प्रिंग घातली तर ती आत खेळते आणि पाइप चपटा होतो. लांब पाइपाच्या मध्यावर वाकवायचं असेल तर स्प्रिंगला दोरी बांधा, नाहीतर ती आत राहते आणि मग तमाशा होतो. गुडघ्यावर धरून हळूहळू, एका झटक्यात नाही. सोडल्यावर पाइप थोडा उलगडतो, म्हणून रेघेपेक्षा किंचित जास्त वाकवून सोडायचा. किती जास्त, ते त्या कंपनीच्या पाइपावर आणि त्या दिवशीच्या उन्हावर आहे. मे महिन्यात स्लॅबवर तापलेला पाइप आणि जानेवारीत पहाटे गोदामातून काढलेला पाइप सारखा वागत नाही. सकाळी एक तुकडा वाकवून बघायचा आणि दिवसभर त्याप्रमाणे चालायचं. स्प्रिंग निघत नसेल तर जोर लावून खेचू नका, ती जिकडे फिरवल्यावर आवळते तिकडे पिळून काढा.

ऑफसेटचे दोन बाक एकाच पातळीत नसले तर पाइपला पीळ पडतो आणि तो भिंतीला टेकत नाही. यावर फुकटचा उपाय पाइपवरच आहे. कंपनीचं नाव आणि आयएस नंबर पाइपच्या लांबीला सरळ ओळीत छापलेला असतो. ती ओळ पहिल्या बाकात वर असेल तर दुसऱ्या बाकात पाइप उलटा फिरवल्यावर ती बरोबर खाली आली पाहिजे.

मापांचाही एक घोळ आहे. आपल्याकडे साइटवर फूट, इंच आणि सूत चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडं वर. सूत वाईट नाही, जुन्या मिस्त्रींनी त्याच्यावर हवेल्या उभ्या केल्या. पण ‘चार फूट सात इंच तीन सूत’ला १.४१ ने गुणून दाखवा! नकाशा मिलिमीटरमध्ये, टेपच्या एका कडेला मिलिमीटर, मग हिशेबही मिलिमीटरमध्येच करावा. आमच्या मते शागिर्दाने पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट हीच आहे.

हे गुणाकार आले कुठून, याचं कुतूहल काही मुलांना असतं. साइनचं मूळ आपल्याकडचं. आर्यभटांच्या ग्रंथात ‘ज्या’ आहे, तिलाच जीवाही म्हणत. तो शब्द अरबीत गेला आणि ‘जैब’ झाला, जैब म्हणजे खिसा. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याचं सायनस केलं, आणि ते फिरून साइन होऊन आपल्या पाठ्यपुस्तकात आलं. बगदाद आणि आसपासच्या विद्वानांनी नवव्या-दहाव्या शतकात टॅन, कोसेक वगैरे गुणोत्तरांचे तक्ते केले, आणि तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी हा विषय खगोलशास्त्रापासून वेगळा काढून स्वतंत्रपणे मांडला. त्यांना तारे मोजायचे होते, आपल्याला बीम टाळायचा आहे.

बीमवरून आठवलं. पाइप बसत नाही म्हणून बीम किंवा कॉलम फोडणं, सळई कापणं, हे इलेक्ट्रिशियनचं काम नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळची बहुमजली इमारत कोसळून सत्तरहून अधिक माणसं गेली. ती पाइपांमुळे पडली असं कोणी म्हणत नाही. पण आपल्या भागातल्या माणसाला इमारतीचा सांगाडा म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायला नको. भिंतीतली झिरी विटांच्या कामात मारा, खोली पाइपपुरती ठेवा, आणि कॉलमला छन्नी लावण्यापूर्वी साइट इंजिनिअरला विचारा. स्लॅबमध्येही पाच-सहा पाइपांचा जुडगा एकाच जागी एकमेकांवरून नेला तर तिथे काँक्रीटला जागा राहत नाही. पाइप सुटे ठेवा, खालच्या सळ्यांच्या वर ठेवा. दोन पाइप एकमेकांवरून न्यावेच लागले तर तिथे तिसरा आणू नका. आधी कागदावर वाट आखली तर असे छेद कमी करता येतात, आणि वळणंही चारच्या आत राहतात.

घरच्यांसाठी दोन शब्द. मुलगा दहावीला गणितात काठावर पास झाला म्हणून ‘इसके बस का नहीं’ असं ठरवून त्याला कोणाच्या तरी हाताखाली साइटवर पाठवून देणं आपल्याकडे फार होतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. ठाण्यात वागळे इस्टेटला, तसंच अंबरनाथला आणि उल्हासनगरला सरकारी आयटीआय आहेत. तिथे वरचा सगळा हिशेब वर्कशॉपमध्ये हाताने करून घेतात. मुलींनाही हा ट्रेड खुला आहे. जो आधीच साइटवर लागला आहे त्याचंही काही बिघडलेलं नाही, पण त्याने परवान्याची चौकशी करावी. विजेच्या फिटिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावं असं सुरक्षेचे नियम सांगतात. हातात कागद नसलेला माणूस कितीही हुनरमंद असला तरी त्याचं काम दुसऱ्याच्या सहीने पास होतं, आणि दरही दुसराच ठरवतो.

शेवटी, स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी करायचं काम. प्रत्येक पाइपातून जीआय तार या बॉक्सपासून त्या बॉक्सपर्यंत घालून बघा. जिथे अडेल तिथे आत्ताच पाइप बदला, काँक्रीट पडल्यावर काही करता येत नाही. उघडी तोंडं बंद करा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट बसतं. मग मोबाइलने सगळ्या पाइपांचे फोटो काढा. फोटोत भिंतीच्या कडेपासून पसरलेली टेप दिसली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी त्या फोटोवरून पाइप नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. हेच फोटो घरमालकालाही पाठवून ठेवा. पुढे कोणी पडद्याच्या दांडीसाठी किंवा एसीसाठी ड्रिल मशीन घेऊन येईल, तेव्हा आधी ते फोटो उघडायचे.